स्थावर संपदा एजंटांची सक्षमता परीक्षा : आशय, मर्यादा आणि मावळातील जमीनव्यवहार
(विशेष संदर्भ : सुदुंबरे परिसर)

बीजसंज्ञा : महारेरा, सक्षमता प्रमाणपत्र, एजंट, वाटपग्राही, खातेदार, सातबारा, तुकडेबंदी.

प्रस्तावना

महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच महारेराने, १० जानेवारी २०२३ रोजीच्या आदेशाने स्थावर संपदा क्षेत्रातील एजंटांसाठी प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र अनिवार्य केले. त्यानुसार पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. तिला बसलेल्या ४२३ उमेदवारांपैकी ४०५ उत्तीर्ण झाले. हे प्रमाण सुमारे ९६ टक्के होते. १ जानेवारी २०२४ पासून या प्रमाणपत्राशिवाय एजंट म्हणून नवीन नोंदणी किंवा जुन्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित करण्यात आली. ज्या व्यवसायात ओळखीपाळखी आणि बोलण्याची हातोटी एवढेच भांडवल पुरेसे मानले जात होते, त्या व्यवसायाला परीक्षेच्या मांडवाखाली आणणारी ही घटना महत्त्वाची आहे.

तथापि कोणत्याही परीक्षेचे मूल्यमापन केवळ उत्तीर्णांच्या संख्येवरून करता येत नाही. ती कोणते ज्ञान आवश्यक मानते, कोणते अनावश्यक मानते आणि कोणाच्या हिताचे रक्षण करू पाहते, या प्रश्नांच्या आधारे तिची चिकित्सा व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात मावळ तालुक्यातील सुदुंबरे या गावाच्या संदर्भात ही चिकित्सा केली आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : १) सक्षमता परीक्षेमागील कायदेशीर भूमिका स्पष्ट करणे, २) ग्रामीण-नागरी सीमेवरील जमीनव्यवहारांच्या संदर्भात तिच्या मर्यादा तपासणे, ३) त्या दूर करण्यासाठी काही सूचना मांडणे. त्यासाठी स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, महारेराचे आदेश आणि जमीनविषयक राज्य कायदे यांचे तुलनात्मक वाचन केले आहे. अभ्यासपद्धती विश्लेषणात्मक आहे.

सुदुंबरेची निवड सहेतुक आहे. हे गाव संत तुकारामांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे महाराज यांच्या समाधीमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. एका बाजूला तळेगाव आणि दुसऱ्या बाजूला चाकण या औद्योगिक क्षेत्रांच्या मधल्या पट्ट्यात ते येते. गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या वाहिनीचा तळ आहे. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात हा परिसर मोडतो. म्हणजेच कायद्याच्या दृष्टीने हे नियोजन क्षेत्र आहे, तर तलाठ्याच्या दप्तरात येथील बरीच जमीन आजही शेतजमीन आहे. याच दुहेरी अवस्थेत एजंटाच्या ज्ञानाची खरी कसोटी लागते.

१. दलाल ते एजंट : संज्ञेतील स्थित्यंतर

'दलाल' हा शब्द मराठीत अरबीतून आला. वाट दाखवणारा, हा त्याचा मूळ अर्थ होय. विक्रेता आणि ग्राहक या परस्परांना अपरिचित असलेल्या दोन पक्षांना एकमेकांपर्यंत नेणारा तो दलाल. कालांतराने मात्र या शब्दाला हीनत्व आले. काहीही न पिकवता, न घडवता दोन्हीकडून पैसे घेणारा, असा अर्थ त्याला चिकटला. 'एजंट' या इंग्रजी शब्दाने हा डाग झाकला, पण पुसला नाही. ग्रामीण भागात आजही 'जमिनीची कामे करतो' असे संदिग्ध वाक्य व्यवसाय सांगताना वापरले जाते, यातच या व्यवसायाची सामाजिक अस्वस्थता व्यक्त होते.

सक्षमता परीक्षेचे पहिले श्रेय येथे आहे. एजंट हा घर खरेदीदार आणि विकासक यांच्यातील महत्त्वाचा दुवा आहे आणि खरेदीदाराला पहिली माहिती बहुधा त्याच्याकडूनच मिळते, अशी भूमिका महारेराने घेतली. या भूमिकेमुळे एजंटाला व्यावसायिक म्हणून ओळख मिळाली आणि त्या ओळखीबरोबर जबाबदारीही आली. शेती कमी झालेल्या कुटुंबांतील जे पदवीधर तरुण-तरुणी या व्यवसायाकडे वळत आहेत, त्यांच्यासाठी ही ओळख लहान गोष्ट नाही.

२. परीक्षेचा आशय आणि तिची जमेची बाजू

परीक्षेपूर्वी मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग पर्सोनेल सिलेक्शन या संस्थेमार्फत वस्तुनिष्ठ पद्धतीने घेतली जाते. अभ्यासाचा गाभा २०१६ चा अधिनियम, त्याखालील राज्याचे २०१७ चे नियम आणि महारेराचे आदेश हा आहे.

हा गाभा निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. चटई क्षेत्राची कायदेशीर व्याख्या, नोंदणीकृत विक्री करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कलम १३ ने केलेली मनाई, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन, जाहिरातीत नोंदणी क्रमांक देण्याची सक्ती, या तरतुदी ज्याला ठाऊक आहेत असा एजंट ग्राहकाची फसवणूक सहजासहजी करू शकत नाही. निदान अज्ञानाची सबब त्याला उरत नाही. कलम ९ नुसार नोंदणीशिवाय काम करणाऱ्या एजंटास कलम ६२ खाली प्रतिदिन १० हजार रुपये, आणि सदनिकेच्या किंवा भूखंडाच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. ही तरतूद कित्येक वर्षे या धंद्यात असलेल्यांनाही प्रशिक्षणवर्गातच प्रथम कळली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सुदुंबरेसारख्या ठिकाणी या ज्ञानाचा थेट उपयोग आहे. अधिनियमानुसार विकसित करावयाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक असेल, तर जमिनीचे भूखंड पाडून विकणे हाही प्रकल्पच ठरतो आणि नियोजन क्षेत्रात त्याची नोंदणी आवश्यक असते. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांपेक्षाही किंचित कमी. वीस-तीस गुंठ्यांचे शेत आखून एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकणारा आणि त्यासाठी गिऱ्हाईक आणणारा, हे दोघेही या कायद्याच्या कक्षेत येतात. 'ही तर साधी प्लॉटिंग आहे, तिला कसली रेरा' हा समज खोडून काढणे हे परीक्षेचे निर्विवाद योगदान होय.

३. प्रकल्प आणि जमीन : कायद्याची सीमारेषा

यापुढे मात्र परीक्षेची मर्यादा सुरू होते. कलम ९ चा रोख प्रकल्पातील भूखंड, सदनिका किंवा इमारत यांच्या विक्रीकडे आहे. त्यामुळे प्रकल्प जन्माला येण्यापूर्वी शेतकऱ्याकडून विकासकाकडे जाणारी जमीन जो मध्यस्थ जुळवून देतो, तो या कलमाच्या बाहेर राहतो. त्याला नोंदणी नको, प्रशिक्षण नको, परीक्षाही नको. एका इमारतीच्या जन्मात दोन मध्यस्थ असतात. एक गट नंबर जुळवणारा आणि दुसरा सदनिका विकणारा. कायद्याने दुसऱ्याला परीक्षेस बसवले आणि पहिल्याला मोकळे सोडले.

ही विषमता केवळ तांत्रिक नाही, हे अधिनियमाच्याच एका तरतुदीवरून दाखवता येते. कलम १८ (२) नुसार जमिनीच्या सदोष मालकीहक्कामुळे वाटपग्राहीचे नुकसान झाल्यास प्रवर्तकाने भरपाई द्यावयाची असून या दाव्यास मुदतीची आडकाठी नाही. म्हणजे ग्राहकाच्या संकटाचे मूळ पुष्कळदा जमिनीच्या हक्कात असते, हे कायद्यालाही मान्य आहे. परंतु तो हक्क ज्याच्या मध्यस्थीने हस्तांतरित झाला त्याची पात्रता तपासण्याची कोणतीही व्यवस्था नाही.

जमिनीच्या या पहिल्या व्यवहारासाठी लागणारे ज्ञान साधे नसते. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीस कलम ४३ चे निर्बंध असतात. आदिवासी खातेदाराच्या जमिनीस महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे संरक्षण असते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याच्या हस्तांतरणास मनाई करण्यात आली. ऑगस्ट २०२३ मधील अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असे ठरवले, तर २०२५ मध्ये शासनाने नागरी व नियोजित क्षेत्रांपुरते हे निर्बंध शिथिल करण्याचे धोरण स्वीकारले. अशा बदलत्या कायद्यांत गावचा मध्यस्थ ऐकीव माहितीवर चालतो. दहा-अकरा गुंठ्यांचे एकच खरेदीखत करून त्यावर अनेक अनोळखी खरेदीदारांची सामाईक नावे लावण्याचा प्रघात याच ऐकीव शहाणपणातून रूढ झाला. त्या सामाईक सातबाऱ्यावरील एकाला आपला हिस्सा विकावयाचा झाला की बाकीच्यांशी वाद उभा राहतो, तेव्हा मध्यस्थ दलाली घेऊन कधीच निघून गेलेला असतो.

४. सातबारा वाचण्याची कसोटी

वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेत 'करारापूर्वी किती टक्के रक्कम घेता येते ?' असा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर एका रात्रीत पाठ करता येते. आता एका कल्पित सातबारा उताऱ्याचा विचार करू. ८० आर जिरायत जमीन, भोगवटादार वर्ग २. खातेदारांत दोन भाऊ, मयत तिसऱ्या भावाची पत्नी आणि 'अ.पा.क.' या संक्षेपासह, म्हणजे अज्ञान पालक कर्ता म्हणून, त्याचा मुलगा. दोन विवाहित बहिणींची नावे कोठेच नाहीत. इतर हक्कात विविध कार्यकारी सोसायटीचा बोजा. वहिवाटीने मात्र एक भाऊ एका बाजूचे शेत कसतो आणि दुसरा दुसऱ्या बाजूचे, वाटणीपत्र नोंदवलेले नाही. विकासकाला साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र हवे आहे.

येथे एकापेक्षा अधिक प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. वर्ग २ ची जमीन असल्याने कोणाची पूर्वपरवानगी लागेल ? अज्ञान मुलाच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी आवश्यक आहे काय ? वारस नोंदीचा फेरफार पाहिला आहे काय, आणि त्यात बहिणींची नावे का आली नाहीत ? बोजा कमी केल्याचा दाखला मिळेल काय ? या प्रश्नांची सर्व उत्तरे एजंटाने द्यावीत अशी अपेक्षा नाही, ते वकिलाचे काम आहे. परंतु हे प्रश्न आहेत, एवढे ओळखणे ही एजंटाची किमान सक्षमता मानावी लागेल. चार पर्यायांपैकी एकावर खूण करण्याच्या पद्धतीत ही ओळख तपासली जाणे कठीण आहे. प्रशिक्षणात जमिनीच्या कागदपत्रांना किती तास दिले जातात हा मुद्दा दुय्यम आहे. प्रत्यक्ष कागद हाती देऊन तो वाचावयास लावला जातो की नाही, हा मुख्य मुद्दा होय.

बहिणींच्या नावांचा मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीस जन्मतः सहदायादाचा हक्क मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्धपणे मान्य केला. व्यवहार ठरल्यानंतर सासरी असलेल्या बहिणीस घाईने बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेणे ही सर्वपरिचित रीत आहे. हा कागद नेमका काय आहे, हे तिला समजावून सांगण्याचे कर्तव्य आज कोणत्याही मध्यस्थावर नाही.

५. दिसणारा वाटपग्राही आणि न दिसणारा खातेदार

अधिनियमाच्या कलम १० मध्ये एजंटाची कर्तव्ये दिली आहेत. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्रीत सहभागी न होणे, हिशेब व अभिलेख ठेवणे, अनुचित व्यापारी प्रथांपासून दूर राहणे आणि नोंदणीच्या वेळी वाटपग्राहीस मिळावयाची सर्व माहिती व कागदपत्रे त्याला मिळवून देणे. या सर्व कर्तव्यांचा रोख खरेदीदाराकडे आहे. ग्राहकसंरक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु या मांडणीत शेतकरी खातेदार कोठेच नाही.

तो येतो तो वेगळ्याच रूपात. जमिनीच्या बदल्यात रोख रकमेऐवजी इमारतीतील काही सदनिका किंवा विक्रीतील हिस्सा घेणाऱ्या जमीनमालकास महारेराने २०१७ मधील आदेशांद्वारे प्रवर्तकाच्या वर्गात घेतले. ग्राहकाच्या दृष्टीने ही भूमिका समर्थनीय आहे. तथापि तिचा परिणाम असा की, चार सदनिकांच्या आशेने करारावर सही करणारा मावळातील शेतकरी कायद्याच्या भाषेत ग्राहकांना उत्तरदायी असलेला प्रवर्तक ठरू शकतो. हे त्याला सही करण्यापूर्वी सांगणार कोण ? विकासकाचा वकील विकासकाचा असतो. गावचा मध्यस्थ हे जाणत नाही. ज्याने परीक्षा देऊन हे जाणून घेतले आहे तो एजंट या टप्प्यावर उपस्थितच नसतो.

'मुळशी पॅटर्न' (२०१८) या प्रवीण तरडे दिग्दर्शित चित्रपटाने जमीन विकून विस्थापित झालेल्या कुटुंबांची परवड मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे आणली. त्या चित्रणात गुन्हेगारीचा भाग ठळक आहे. परंतु बहुसंख्य कुटुंबांची हानी अशा नाट्यमय रीतीने होत नाही. ती होते न वाचलेल्या कलमामुळे, तोंडी दिलेल्या वचनामुळे आणि विसार म्हणून घेतलेल्या रकमेची पावती नसल्यामुळे. ही हानी पडद्यावर दिसत नाही आणि प्रश्नपत्रिकेतही दिसत नाही.

६. तुलनात्मक संदर्भ

अमेरिकेतील राज्यांत स्थावर संपदा विक्रेत्याच्या परवान्यासाठी परीक्षा असते. कॅलिफोर्नियात विक्रेत्याच्या परीक्षेपूर्वी १३५ तासांचे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात, परीक्षेत १५० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. तासांच्या या आकड्यापेक्षाही तेथील रचना अधिक बोधप्रद आहे. परवानाधारक विक्रेता स्वतंत्रपणे काम करू शकत नाही. त्याला परवानाधारक ब्रोकरच्या देखरेखीखाली काम करावे लागते आणि देखरेखीची जबाबदारी ब्रोकरवर असते. नवागताचे शिक्षण परीक्षेनंतर थांबत नाही, ते अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली चालू राहते.

महाराष्ट्रात मात्र प्रमाणपत्र मिळताच नवागत आणि वीस वर्षांचा अनुभवी एजंट एकाच पातळीवर येतात. अर्थात अमेरिकी नमुना जसाच्या तसा उचलणे अनुचित ठरेल. तेथे परवान्याची कक्षा जमीन आणि इमारत यांच्यात अशी रेषा ओढत नाही, शिवाय आपल्याकडील कूळकायदा, तुकडेबंदी आणि एकत्र कुटुंबाची मालकी यांसारखी गुंतागुंत त्या अभ्यासक्रमात शोधूनही सापडणार नाही.

७. संभाव्य आक्षेप

येथे दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, शेतजमिनीचा व्यवहार हा महारेराचा विषयच नाही, मग तिच्या परीक्षेवर ही अपेक्षा का लादावी ? हा आक्षेप कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. म्हणूनच प्रस्तुत टीका परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेपेक्षा कायद्याच्या रचनेवर अधिक आहे. परंतु प्रत्यक्षात सदनिका विकणारा आणि जमीन जुळवणारा ही पुष्कळदा एकच व्यक्ती असते. तिच्या भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र शेतकऱ्याच्या मनातही विश्वास निर्माण करते. ज्या कामासाठी सक्षमता तपासलीच नाही त्या कामासाठी प्रमाणपत्राची प्रतिष्ठा वापरली जाते, हा धोका दुर्लक्षित करता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, परीक्षा कठीण केल्यास अल्पशिक्षित ग्रामीण मध्यस्थ बाहेर फेकला जाईल आणि शहरी कंपन्यांचे फावेल. हा आक्षेप गंभीर आहे. गावच्या मध्यस्थाला कोणाचे शेत कोठे संपते, पाणंद कोणती, कोणत्या भावकीत अबोला आहे, हे ठाऊक असते. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. त्यामुळे उपाय परीक्षा कठीण करण्यात नसून ती संबंधित करण्यात आहे. ज्याला सातबारा वाचता येतो त्याला त्या वाचनाचे गुण मिळावेत, एवढीच अपेक्षा आहे.

निष्कर्ष

१) सक्षमता परीक्षेमुळे एजंटाच्या व्यवसायास किमान ज्ञानाची अट लागू झाली आणि घर खरेदीदाराचे संरक्षण वाढले.
२) परीक्षेची कक्षा प्रकल्पापुरती मर्यादित असल्याने प्रकल्पपूर्व जमीनव्यवहारातील मध्यस्थ अनियंत्रित राहिला आहे.
३) कलम १८ (२) पाहता या अनियंत्रित टप्प्यातील दोष अखेरीस खरेदीदारापर्यंतच पोहोचतात. म्हणून खातेदाराचे हित आणि खरेदीदाराचे हित परस्परविरोधी नाही.
४) वस्तुनिष्ठ प्रश्नपद्धती तरतुदींचे स्मरण तपासते, कागदपत्रांचे आकलन पुरेसे तपासत नाही.

सूचना

१) प्रशिक्षणात गाव नमुना सहा, सात, आठ-अ आणि बारा यांच्या प्रत्यक्ष उताऱ्यांवर आधारित प्रात्यक्षिक असावे आणि परीक्षेत असा किमान एक उतारा वाचनासाठी द्यावा.
२) जमीनमालक-प्रवर्तकाच्या जबाबदाऱ्या सोप्या मराठीत सांगणारे एक पृष्ठ तयार करून विकास करारापूर्वी त्याची पोच घेणे बंधनकारक करावे.
३) शेतजमिनीच्या व्यवहारात मोबदला घेऊन मध्यस्थी करणाऱ्यांच्या नोंदणीचा विचार राज्य शासनाने महसूल विभागामार्फत करावा.
४) नवीन प्रमाणपत्रधारकास ठरावीक काळ अनुभवी नोंदणीकृत एजंटासोबत काम करण्याची अट असावी.
५) तालुक्यातील महाविद्यालयांनी वाणिज्य व समाजशास्त्र विभागांच्या साहाय्याने जमीन-अभिलेख वाचनाचे अल्पमुदतीचे वर्ग चालवावेत. हे वर्ग होतकरू एजंटांसाठी असावेत, तसेच खातेदार कुटुंबांतील मुला-मुलींसाठीही असावेत.

पाचवी सूचना अमलात आणण्यासाठी कायद्यात दुरुस्ती होण्याची वाट पाहावी लागत नाही. सुदुंबरे परिसरातील जमीन विकली जाणार की नाही हे ठरवणे कोणत्याही परीक्षेच्या हाती नाही. सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो हे कळावे आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मध्यस्थाला ते सांगता यावे, एवढी सक्षमता मात्र निर्माण करता येण्यासारखी आहे.